पासपोर्टवर ‘ईसीआर’ का छापतात? परदेशी मजुरीच्या नियमांमागचं राजकारण

गेल्या पावसाळ्यात खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीत पोस्टमन एक पासपोर्ट देऊन गेला. शेजारच्या घरातल्या धाकट्या पोराचा. वय सव्वीस, नववीत शाळा सुटली, मग चिपळूणला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकला. संध्याकाळी तो पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आला, शेवटचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “काका, हे ईसीआर काय आहे? दादाच्या पासपोर्टवर हे नाही. माझ्यावर कसली केस दाखवतायत काय?”

केस काही नव्हती. थोरला भाऊ दहावी पास होता आणि हा नव्हता, एवढाच फरक. पण त्याचा प्रश्न मनातून जाईना. एका आईची दोन पोरं. एकाचा पासपोर्ट कोरा, दुसऱ्याच्या पासपोर्टवर खूण. ही खूण कोण ठरवतं, कशासाठी, आणि तिचा उपयोग नक्की कुणाला होतो? याच खुणेमागचा १९८३ चा कायदा बदलण्यासाठी केंद्र सरकारने २०२५ च्या ऑक्टोबरात नवा मसुदा लोकांपुढे ठेवला. गल्फमध्ये माणूस असलेल्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे, म्हणून हा लेख.

## खूण म्हणजे नक्की काय?

ईसीआर म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’. साध्या मराठीत, हा माणूस नोकरीसाठी परदेशी निघाला तर आधी सरकारी तपासणी झाली पाहिजे. ही तपासणी सगळ्या देशांसाठी नाही. सौदी, दुबईचं अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया, इराक, लेबनॉन असे एकूण १८ देश त्या यादीत आहेत. दहावी न झालेल्या माणसाला तिथे नोकरीसाठी जायचं तर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्याकडे लोक त्यालाच ‘इमिग्रेशन मारून घेणं’ म्हणतात. या अधिकाऱ्याचं एक कार्यालय मुंबईत आहे. करार, पगार, विमा हे सगळं बघून मंजुरी मिळते. आता हे काम ‘ई-मायग्रेट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावरून चालतं.

मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. ही चांगली गोष्ट आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

मात्र खुणेची एक दुसरी बाजू २०१८ मध्ये उघडी पडली. त्या जानेवारीत सरकारने जाहीर केलं की ईसीआरवाल्यांचा पासपोर्ट वेगळ्या, नारिंगी रंगाचा असेल. केरळात मोठा गदारोळ झाला, प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं. विमानतळाच्या रांगेत लांबूनच ‘हा कमी शिकलेला’ असं ओळखू येणार, हे लोकांना सोसवलं नाही. त्याच महिन्याच्या ३० तारखेला सरकारने निर्णय मागे घेतला. रंग गेला, पण विचार तोच राहिला. धोका एजंट आणि मालकाकडून असतो, आणि खूण मात्र मजुराच्या पासपोर्टवर पडते.

## हे आलं कुठून? मॉरिशसच्या जहाजावरून

प्रोटेक्टर हे पद स्वतंत्र भारताने काढलेलं नाही. गुलामी बंद झाल्यावर इंग्रजांना उसाच्या मळ्यांवर माणसं हवी होती. १८३४ पासून मॉरिशसला करारावर मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपल्या कोकणातलेही होते. त्यांची मराठी नातवंडं-पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात. कराराला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘ॲग्रीमेंट’ला, मजूर गिरमिट म्हणत. फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या तेव्हा बंदरावर ‘रक्षक’ अधिकारी नेमले गेले. त्यांचं काम मजुराला अंगठ्याआधी करार समजावणं आणि जहाज सोडायला परवानगी देणं. जहाज सुटल्यावर पलीकडे मळेवाला काय करतो, हे त्यांच्या हाताबाहेरचं.

गिरमिट १९१७ मध्ये थांबलं. १९२२ चा कायदा आला. तेलाच्या पैशाने गल्फ उभं राहायला लागलं आणि लाखो माणसं निघाली, तेव्हा १९८३ चा कायदा झाला. पण सांगाडा जुनाच राहिला. निघताना फाटकावर तपासायचं, पुढचं पुढे.

## एजंट आणि त्याचा मुकादम

ऊसतोड कशी चालते हे बहुतेकांना माहीत आहे. कारखाना थेट मजुराशी बोलत नाही. मधे मुकादम असतो. तो उचल देतो, टोळी जमवतो, आणि उचल फिटेपर्यंत कोयता, म्हणजे ऊस तोडणारं मजूर जोडपं, हलू शकत नाही. गल्फच्या भरतीत हीच साखळी आहे, फक्त पैशाची दिशा उलटी. इथे उचल मजूरच देतो.

कायद्याने परवाना असलेला रिक्रूटिंग एजंट मजुराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. परवान्यासाठी मोठ्या एजंटाला ५० लाखांची बँक हमी द्यावी लागते. कागदावर हे बरंच कडक आहे. पण एजंटाचं ऑफिस मुंबईत, आणि माणसं मंडणगड, म्हसळा किंवा पार बिहारच्या गावात. मधे उप-एजंट उभा राहतो. कायद्यात त्याला जागाच नाही, म्हणून त्याच्यावर देखरेखही नाही. गावात तो ‘आपला माणूस’ असतो. मशिदीत, देवळात, लग्नात भेटणारा. पैसे रोख जातात, पावती नसते. दागिने गहाण पडतात.

मंजुरीला वळसा घालायची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. ईसीआरवाल्याला फिरायला जायचं असेल तर परतीचं तिकीट दाखवून मंजुरीशिवाय जाता येतं. म्हणून एजंट व्हिजिट व्हिजा काढतो. “तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो” असं सांगतो. किंवा ‘आझाद व्हिजा’ विकतो. नावाला एक मालक आणि प्रत्यक्षात ‘कुठेही काम कर’ असा तो व्यवहार. कायद्याच्या लेखी अशा माणसाने दुसरीकडे काम केलं की गुन्हा त्याचा. अडकल्यावर दूतावासाकडे त्याच्या कराराची नोंद सापडत नाही, कारण करार झालेलाच नसतो.

मग या एजंटांना शिक्षा काय? १९८३ च्या कायद्यात विनापरवाना भरतीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार. एका माणसाकडून लाख-दीड लाख उकळणाऱ्याला हा दंड आजच्या भावात काहीच नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर हा आकडा ठेवा.

## पलीकडे गेल्यावर: कफील

आखाती देशांत परदेशी मजूर ज्या व्यवस्थेखाली राहत आला तिला कफाला म्हणतात. काही देशांनी ती अलीकडे सैल केली आहे, त्याबद्दल पुढे; पण मूळ व्यवस्था अशी. कफील म्हणजे जामीनदार मालक. मजुराचा व्हिजा, राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, सगळं त्या एका मालकाच्या नावाशी बांधलेलं. नोकरी सोडली की देशात राहण्याचा हक्कही संपला. न विचारता निघून गेला तर मालक ‘पळाला’ अशी तक्रार करतो आणि पोलीस मजुराला पकडतात. उचल न फिटलेल्या कोयत्याला टोळी सोडता येत नाही, तसं हे आहे. फरक इतकाच की इथे सरकारचा कायदाच मुकादमाच्या बाजूने उभा असतो.

मालकाने मजुराचा पासपोर्ट ठेवून घेणं कुवेत, कतार, अमिरात इथल्या कायद्यालाही मान्य नाही. तरी तो सर्रास ठेवला जातो. गल्फहून आलेल्या कुणालाही विचारा, “पासपोर्ट कंपनीत जमा” हे तो इतक्या सहज सांगेल की त्यात काही चूक आहे हे त्याच्या मनातही नसतं.

१२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफ भागात मजुरांच्या इमारतीला पहाटे आग लागली. ४५ भारतीय गेले, त्यांत सर्वाधिक केरळचे. एका कंपनीची जवळपास दोनशे माणसं तिथे दाटीवाटीने राहत होती. त्यांच्यातल्या अनेकांचे कागद नियमानुसार असतीलही. पण निघताना फाटकावर झालेल्या तपासणीचा त्या जिन्यात काहीच उपयोग नव्हता.

## मजुरीचा हमीभाव

आता येतो तो भाग, जिथे राजकारण सगळ्यात स्पष्ट दिसतं. तो मला नीट उलगडून सांगायचा आहे.

आपलं सरकार या देशांसाठी कामागणिक एक किमान पगार ठरवतं. त्याखाली करार असेल तर मंजुरी नाही. सरकारी भाषेत ‘किमान शिफारस वेतन’. शेतकऱ्याच्या भाषेत हमीभाव. हमीभावाची अडचण शेतकऱ्याला पाठ आहे. भाव वर ठेवला तर व्यापारी म्हणतो, मी दुसऱ्या बाजारात जातो. गल्फचा मालकही तेच म्हणतो. भारतीय महाग पडले तर नेपाळी घेऊ, बांगलादेशी घेऊ. तेही देश आपापल्या बेरोजगार पोरांना पाठवायला उत्सुक असतात. म्हणजे विकणारे अनेक, घेणारे मोजके. अशा बाजारात भाव कोण ठरवणार हे वेगळं सांगायला नको.

२०२० च्या सप्टेंबरात, कोविडमध्ये लाखो माणसं परतत असताना, केंद्र सरकारने हा किमान पगार ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणला. बहुतेक आखाती देशांसाठी तो महिना २०० डॉलरच्या आसपास आला. तेव्हाच्या दराने साधारण १५ हजार रुपये. कारण सांगितलं गेलं ते रोजगार वाचवण्याचं. भाव उतरवला नाही तर आपल्या लोकांच्या नोकऱ्या जातील, असं.

हे कारण अगदीच खोटं नव्हतं. भीती खरी होती. पण त्यात मजुराला कुणी विचारलं? आमच्या वेल्डरला मी हा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, “एवढे तर मला चिपळुणात मिळतात, आणि रात्री आईच्या हातचं जेवण.” शिवाय गल्फमध्ये नोकरी संपताना मिळणारी रक्कम मूळ पगारावर मोजतात. पगार कागदावर उतरला की वीस वर्षं राबलेल्याची शेवटची गाठोडीही हलकी होते.

तेलंगणाच्या उच्च न्यायालयात याविरुद्ध याचिका झाली. तेलंगणातूनही खूप माणसं गल्फला जातात आणि तिथल्या स्थलांतरित संघटनांनी विषय लावून धरला. जुलै २०२१ मध्ये सरकारने जुने दर परत आणले. दहा महिने. त्या दहा महिन्यांत ज्यांनी करारावर सही केली, त्यांच्या पगारात तो फटका राहिलाच.

परदेशी जाणाऱ्यांचे नियम दोन सरकारं, मालक आणि एजंट मिळून ठरवतात. अभ्यासक याला ‘स्थलांतराचा कारभार’ असं जड नाव देतात. पण आत आहे ती घासाघीसच, आणि तिथे मजुराची खुर्ची रिकामी असते.

## “बायकांना रोखणं म्हणजे त्यांचं रक्षणच ना?”

हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, आणि तो काळजीपोटीच येतो. ईसीआर पासपोर्टवर तीस वर्षांखालच्या बाईला या १८ देशांत कामाला जायची मंजुरी मिळत नाही, नर्सचा अपवाद सोडून. घरकामाच्या बायकांची भरती २०१६ पासून फक्त राज्य सरकारांच्या ठरावीक संस्थांमार्फत. शिवाय एका घरकामगार बाईसाठी मालकाने २,५०० डॉलरची बँक हमी द्यावी, असाही नियम होता. कुवेतने ते मानलं नाही, तिथली भरती बंदच पडली आणि २०१७ मध्ये भारताने ती अट सोडली.

पण दार बंद झालं म्हणून गरज संपत नाही. घरी आजारी नवरा, तीन पोरं, सावकार. ती बाई व्हिजिट व्हिजावर जाते, दुसऱ्या देशातून फिरून जाते, वय वाढवून लिहिते. मग तिच्या कराराची नोंद नाही, विमा नाही, ती कुठल्या घरात आहे हे दूतावासाला माहीत नाही. बंद घरात एकटी काम करणारी बाई सगळ्यात जास्त धोक्यात असते हे खरंच. म्हणूनच तिला नोंदणीची, फोनची, महिन्याला कुणीतरी विचारपूस करण्याची गरज सर्वाधिक आहे. बंदीने नेमकं तेच हिरावलं जातं.

## “दुसऱ्याच्या देशात आपलं काय चालणार?”

काही तरी नक्की चालतं. फिलिपिन्स बघा. तो देश गेल्या पन्नास वर्षांपासून सरकारी धोरण म्हणून माणसं बाहेर पाठवतो, आणि आता त्यांच्यासाठी त्याने स्वतंत्र मंत्रालयच काढलं आहे. २०१८ च्या सुरुवातीला कुवेतमध्ये एका फिलिपिनो घरकामगार बाईचा मृतदेह फ्रीझरमध्ये सापडला. फिलिपिन्सने भरती थांबवली, वाद दूतावासापर्यंत पेटला, आणि मे महिन्यात करार झाला. त्यात एक साधं वाक्य होतं, पासपोर्ट आणि फोन बाईकडेच राहतील. किंमतही मोजावी लागली. २०२३ मध्ये नव्या वादात कुवेतनेच फिलिपिनो लोकांचे नवे व्हिजे वर्षभर रोखले. म्हणजे ताणून धरणं फुकट नसतं.

कतारचं उदाहरण दुसऱ्या वाटेचं. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक मिळाल्यावर जगाचं लक्ष तिथल्या मजुरांकडे गेलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रार गेली. मग देश सोडायला मालकाची परवानगी लागण्याची अट २०१८ आणि २०२० मध्ये काढली गेली. नोकरी बदलायला मालकाचं ना-हरकत पत्र लागणं २०२० मध्ये गेलं, आणि मार्च २०२१ पासून सर्वांना किमान १,००० रियाल मूळ पगार लागू झाला. अंमलबजावणीत भोकं आहेत. पण ‘त्यांचा कायदा, तो काय बदलणार’ हे म्हणणं टिकत नाही. भारतानेही २०२१ मध्ये कुवेतशी घरकामगारांबद्दल करार केला. सहा आखाती देशांत आपली सुमारे ९० लाख माणसं आहेत. त्या बळावर मागणं हा हक्क आहे.

## “पैसे तर येतातच, मग रडगाणं कशाला?”

पैसे येतात, भरपूर येतात. २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात ११८.७ अब्ज डॉलर आले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, २०.५ टक्के. केरळ १९.७ टक्के. यात आपल्याकडचा मोठा वाटा अमेरिका-इंग्लंडमधल्या शिकलेल्यांचा असणार. पण केरळात १९९६ पासून परदेशातल्या मल्याळींसाठी वेगळं सरकारी खातं आहे, आणि १९९८ पासून दर काही वर्षांनी घरोघरी सर्वेक्षण होतं. कोण गेलं, कुठे, किती कर्ज काढून, परतल्यावर काय करतंय. आपल्याकडे रत्नागिरी-रायगडातून किती माणसं गल्फमध्ये आहेत हे विचारलं तर असा आकडा मिळत नाही. मोजलेलंच नाही, तर त्यांच्यासाठी तरतूद कशी होणार?

## मग नेते गप्प का?

कारण मत. परदेशातल्या भारतीयाला मतदार यादीत नाव नोंदवता येतं. पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला अशा सुमारे १ लाख १९ हजार मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मत दिलं तीन हजारांहून कमी लोकांनी, त्यातलेही बहुतेक केरळचे. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण पुढे गेलंच नाही आणि २०१९ मध्ये बारगळलं. ज्याचं मत पेटीत पडत नाही त्याचा प्रश्न सभेत येत नाही. केरळात तो येतो, कारण तिथे घराघरातली मागे राहिलेली बायको, आई, बाप त्या प्रश्नावर मत देतात.

## नव्या मसुद्यात काय बघायचं, आणि निघण्याआधी काय करायचं

१९८३ चा कायदा बदलायचे प्रयत्न २०१९ आणि २०२१ मध्येही झाले होते. आताचा मसुदा कायदा होईल तेव्हा मी त्यात दोन गोष्टी शोधणार आहे. उप-एजंटाची जबाबदारी मूळ एजंटावर टाकली आहे का, आणि परतलेल्या माणसाला थकलेला पगार मिळवायची वाट इथेच, भारतात, करून दिली आहे का. यादीबाहेरच्या देशांचाही प्रश्न आहे. २०२३ च्या करारानंतर इस्रायलला बांधकाम मजूर गेले, पुण्यातही निवड चाचण्या झाल्या. इस्रायल त्या १८ देशांत नाही, म्हणून युद्ध चालू असलेल्या देशात जाताना ही मंजुरी लागलीच नाही. कामगार संघटनांनी तेव्हा हाच मुद्दा मांडला होता.

आमच्या वेल्डरला उप-एजंटाने दिलेलं कार्ड मी हातात घेतलं तेव्हा त्यावर नाव होतं, दोन मोबाईल नंबर होते, विमानाचं चित्र होतं. परवाना क्रमांक नव्हता. ई-मायग्रेटवर एजंटांची यादी सगळ्यांना बघता येते. कुणाचा परवाना चालू, कुणाचा स्थगित, कुणाचा रद्द, तेही दिसतं. मोबाईलवर आम्ही दोघांनी अर्धा तास शोधलं, ते नाव निघालं नाही. त्याला सांगितलं, पैसे बँकेतून दे आणि पावती घे. करार आपल्याला कळेल त्या भाषेत समजून घे. पगार, जेवण, राहणं, सुट्टी, परतीचं तिकीट कोण काढणार, सगळं वाच. कराराचा, व्हिजाचा आणि पासपोर्टचा फोटो आईच्या फोनमध्ये ठेव. व्हिजिट व्हिजावर कामाला जाऊ नकोस.

तीन महिने गेले, दुसरी एजन्सी मिळाली, मंजुरी झाली. तो आता कतारात आहे. पहिल्या आठवड्यात त्याने फोन केला तेव्हा मी पहिलं विचारलं, पासपोर्ट कुठाय? म्हणाला, “कंपनीने मागितला होता, काका. मी म्हटलं झेरॉक्स घ्या. सुपरवायझर बघतच राहिला. मग म्हणाला, ठीक आहे.”